परवाची गोष्ट

आमच्या माणिककाकांच्या पंचांगात दोनच दिवस होते, आज आणि परवा. जे चाललंय ते आज, आणि होऊन गेलं ते सगळं परवा. हैदराबादेत दखनी बोलणारे 'परसों' म्हणतात, त्यात कालच्या आधीचा दिवसही बसतो आणि आजोबांचं लग्नही. काकांनी तो 'परसों' उचलून मराठीत आणला, इतकंच. "परवा निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मी आईचं बोट धरून पळत होतो," असं ते इतक्या सहज म्हणत की वाटावं, यांची धाप अजून गेली नाही.

काका म्हणजे माझ्या आईचे दुसरे नवरे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. ऑफिसात, लग्नकार्यात मी 'आमचे काका' एवढंच म्हणायचो. ऐकणारा त्यांना माझ्या वडिलांचे भाऊ समजायचा आणि मी समजू द्यायचो. अबोलपणा माझा स्वभाव आहे असं लोक म्हणतात. स्वभाव नव्हे तो, सवय आहे, आणि ती कुठल्या दुपारी लागली तेही मला ठाऊक आहे. काका संक्रांतीनंतर गेले. त्यांच्यामागं तरी ते दडवून ठेवायचं नाही असं ठरवलंय.

सुलतान बाजारात कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली काकांचं दुकान होतं. पाटी नव्हती. शिवणाच्या मशीनचं एक मोडकं चाक दाराशी टांगलेलं असे, तीच पाटी. आत काका उंच स्टुलावर, चष्मा कपाळावर, हातात तेलाची कुपी. मशीन दुरुस्त झाली की ते दोरा ओवत नसत. जुन्या वर्तमानपत्राचा कागद सुईखाली घालून नुसतीच मशीन चालवत, मग तो कागद उजेडाकडे धरून भोकांची रांग बघत. रांग सरळ दिसली की म्हणत, "आता हिला दोरा द्या. हिची आता काही तक्रार नाही."

त्यांचा एक नियम होता. मशीन कशी बिघडली हे ते विचारत, कुणी बिघडवली हे कधीच विचारत नसत. मी एकदा कारण विचारलं.

"कुणी म्हटलं की गिऱ्हाईक खोटं बोलतं बेटा. सासू सुनेचं नाव घेते, सून पोराचं. त्या भानगडीत बिघाड राहतो बाजूला."

आमच्या घरात ते आले तेही मशीनमुळेच. पुण्यात आईबाबांचा घटस्फोट झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मामा काचीगुड्याला राहायचे. त्यांनी आम्हाला इकडे आणलं आणि आईला मराठी शाळेत नोकरी लागली. घरखर्चाला हातभार म्हणून ती फॉल-पिको करायची. तिची मशीन बिघडली म्हणून मामांनी माणिकराव औराद्यांना बोलावलं. ती मशीन त्या महिन्यात तीनदा बिघडली. तिसऱ्या वेळी मामांनी आईकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "माणिकराव, मशीनला काही झालेलं नाही, बरं का."

काकांची आधी एक फारकत झालेली होती. ते 'घटस्फोट' म्हणत नसत, त्यांच्या औरादकडचा 'फारकत' हाच शब्द वापरत. मूलबाळ नव्हतं. पहिली बायको, सुमनबाई, गौलीगुड्यात ब्लाउज शिवून पोट भरायची. भांडण कसलं झालं असं कुणी विचारलं की काका म्हणत, "भांडण कुठं झालं? दोरा चांगला होता, कापड चांगलं होतं. ताण जमला नाही." आणि दर दिवाळीआधी, शिवणाची गर्दी सुरू व्हायच्या आत, अवजारांची पेटी उचलून तिची मशीन साफ करायला जात.

आईला पहिल्या वर्षी ते झेपलं नाही. "जा, जुन्या गिऱ्हाइकाकडे जाऊन या," असं ती भाकरी थापता थापता म्हणायची. काका तिला 'बाई' म्हणत, शाळेतली पोरं म्हणतात तसं. "बाई, वाढता का?" "बाई, आज उशीर होईल." आई चिडायची, "तिला सुमन आणि मी बाई!"

"ती आमच्या गावची. तुम्ही शाळेच्या. शाळेच्या माणसाला नावानं हाक मारली तर छडी बसते."

दुसऱ्या दिवाळीला आई त्यांच्याबरोबर गेली. तिसऱ्या दिवाळीपासून आईचे ब्लाउज सुमनबाई शिवू लागल्या.

औरादहून काकांची एक चुलत वहिनी आली होती. ओसरीवर बसून, आई ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "माणिकनं पाट लावला म्हणं मास्तरणीशी." दुसऱ्या लग्नाला लावलेला तो हलका शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलेला नव्हता. आईचा चेहरा पडला. काका आत गेले, बसायचा लाकडी पाट आणला, फडक्यानं पुसला आणि आईसमोर ठेवला. "लावला ना वहिनी. हा बघा. पाट म्हणजे बसायला जागा. बसा बाई." आई हसली आणि खरंच बसली. वहिनीला चहा काकांनीच केला.

असा हा माणूस. आता माझं.

आईचं आणि काकांचं लग्न झालं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. रविवारी आम्ही तिघं ऑटोनं सुलतान बाजारात जायचो. मी लहान, म्हणून मधे बसायचो. काका एका बाजूला, आई दुसऱ्या. खड्डा आला किंवा ऑटोवाल्यानं ब्रेक दाबला की काकांचा हात माझ्या गुडघ्यावर येई, मी पुढे आदळू नये म्हणून. तेलाचा वास असलेला, जड हात. मला तो आवडायचा. आवडायचा म्हणून रागही यायचा. आपले बाबा पुण्यात असताना दुसऱ्याचा हात आवडावा, हे काही बरोबर नव्हे असं तेव्हा वाटे.

मी चौदाचा असताना एकदा शाळेच्या अर्जावर वडिलांची सही लागणार होती. जेवताना तो विषय निघाला. काका भात कालवत सहज म्हणाले, "परवा भेटले होते की तुझे बाबा. गौलीगुड्याच्या बस स्टँडवर. चहा घेतला आम्ही. सभ्य माणूस."

आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "जेवा ना आता."

मी पुण्याचा. माझा परवा म्हणजे परवा. मंगळवार. परवा मंगळवारी माझे बाबा हैदराबादेत होते, बस स्टँडवर चहा पीत होते, आणि या दोघांनी मला सांगितलं नाही, भेटू दिलं नाही. आईचं गप्प होणं हाच मला पुरावा वाटला. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी मी बाबांना पत्र लिहिलं. तुम्ही आलात आणि मला भेटू दिलं नाही, हे लिहिलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हे वाचून बाबा येतील का, अशी शंका आली. म्हणून खाली एक ओळ जोडली: 'हे मला मारतात.'

काकांनी मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

बाबा आले नाहीत. मला उत्तरही आलं नाही. त्यांनी मामांना पत्र टाकलं, की तुमच्या भरवशावर मुलगा तिकडं ठेवला आहे, जरा चौकशी करा. पत्र मिळालं त्याच दुपारी मामा माझं मनगट धरून मला सुलतान बाजारात घेऊन गेले. मागोमाग आई शाळा सुटल्यावर धापा टाकत आली. जिन्याखाली दोन गिऱ्हाइकं उभी होती, शेजारचा कापडवाला गज हातात धरून बघत होता. मामांनी सरळ विचारलं,

"माणिकराव, पोरावर हात टाकता तुम्ही?"

काका कागद उजेडाकडे धरून भोकं बघत होते. कागद खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, बिघडलेल्या मशीनकडे पाहत तसं पाहिलं, थोडा वेळ, नीट. मी तेव्हा 'नाही' म्हणू शकत होतो. एक शब्द पुरला असता. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिलो.

"हौ," काका म्हणाले. "एकदा टाकला. चुकलं. पुन्हा नाही होणार."

ती दुपार.

मामा त्यानंतर तीन वर्षं आमच्या घरी जेवले नाहीत. आईनं घरी येऊन पदर खोचला आणि शांतपणे सांगितलं, "तुम्ही माझ्या मुलाला काही बोलायचं नाही. काही असेल तर मला सांगा." काकांनी ते शब्दशः पाळलं. माझ्या समोर बसून ते आईला म्हणत, "बाई, त्याला विचारा, चपला घ्यायच्यात का." मला ताप आला की दारात उभे राहत, उंबऱ्याच्या आत येत नसत. दहावीचा निकाल लागला तेव्हा पाठीवर थाप द्यायला त्यांचा हात उचलला गेला. आई बघत होती. तो हात तसाच वर गेला आणि त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

आणि ऑटोत आई मधे बसू लागली. आधी मला चढवायची, मग स्वतः, मग काका. मी कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, केस पांढरे झाले, तरी ऑटोत आई मधेच. तिनं काकांना माफ केलं होतं. ती दोघं बसली की ते कळायचंही, छान हसायची. पण जागा बदलली नाही.

'परवा'चा अर्थ मला पत्रानंतर महिन्याभरातच कळला. काका गिऱ्हाइकाला निजामाची गोष्ट सांगत होते आणि मी ऐकत होतो.  आईला आडून विचारलं तेव्हा बाकीचं कळलं: बाबा बस स्टँडवर भेटले ते दोन वर्षांपूर्वी, लग्नाच्या आधी. काकांनीच त्यांना पत्र लिहिलं होतं, मुलगा माझ्या घरी येणार, तर एकदा बोलून घेऊ म्हणून. बाबा दुसऱ्या कामासाठी जाताना बस बदलायला उतरले, तेवढ्यात भेट झाली. काचीगुडा तिथून दहा मिनिटांवर. बाबांनी मला भेटायचं आहे असं म्हटलं नव्हतं. आई जेवताना गप्प झाली होती ती ह्यासाठी.

हे कळल्यावर तरी बोलायला हवं होतं. आधी भीती वाटली, मग लाज, मग इतकी वर्षं झाली की आता काय, असं वाटलं. गप्प राहायला रोज नवं कारण लागत नाही. पहिलं जुनं झालं की तेच भक्कम होतं.

तीन वर्षांपूर्वी मी दुसरं लग्न केलं. माझाही पहिला संसार टिकला नाही. त्याची कारणं इथं नकोत, माझा अबोलपणा त्यातलं एक, इतकं पुरे. शुभदाला पहिल्या लग्नाची मुलगी आहे, तन्वी, बारा वर्षांची. ती मला अंकल म्हणते, तेही नाइलाज झाला तर. गेल्या पावसाळ्यात तिच्या फोनची काच फुटली. शुभदानं विचारल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अंकलनी आपटला."

मी ताडकन उठलो. "साफ खोटं! मी तर आत्ता आलो ऑफिसातून." वेळ सांगितली, लिफ्टमधल्या शेजाऱ्याची साक्ष काढली, सगळं सिद्ध केलं. शुभदानं मुलीला झापलं. तन्वी आत गेली आणि कडी लावून घेतली. मी जिंकलो होतो. पन्नाशीला आलेला माणूस बारा वर्षांच्या पोरीशी जिंकून सोफ्यावर बसलो, आणि मला जिन्याखालचं 'हौ' ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सरळ दुकानात गेलो. काका ऐंशीच्या पुढे होते, हात थरथरायचे, पण दुकान उघडत. सुरुवात त्यांच्याच शब्दानं केली.

"काका, परवा मी तुमच्यावर आळ घेतला होता."

"कोणता? मामावाला?" त्यांनी मान वर केली नाही. मशीनला तेल सोडत होते.

"हौ."

"मग?"

"तुम्ही हौ का म्हणालात?"

त्यांनी कुपी खाली ठेवली. "नक्को म्हणालो असतो तर तू खोटा ठरला असता, सगळ्या बाजारासमोर. मामानं तुला पुण्याला नेऊन सोडलं असतं. आणि तिकडं..."  बस स्टँडवर बाबा काय बोलले होते, ते काकांनी तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही. "ज्या पोराचं कुणीच ऐकत नाही, त्याचं एखादं तरी बोलणं खरं ठरावं ना बेटा. मला काय, मोठा माणूस. एक चपराक माझ्या नावावर पडली तर काय बिघडलं?"

"मी आईला सांगतो."

"नक्को, नक्को!" ते एकदम घाबरले. "तिनं मला माफ केलंय. पस्तीस वर्षं तिचा तोच मोठेपणा चाललाय. मी काही केलंच नव्हतं म्हटलं तर ती माफ कुणाला करणार? उगं म्हातारपणी परेशानी." आणि खुदकन हसले. मग मी तन्वीचं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "काच बदलून दे. कुणी फोडली ते पुन्हा काढू नको."

काच मी बदलून दिली. आईला न सांगण्याचं मात्र ऐकलं नाही, म्हणजे ऐकणार होतो. पण दिवाळी आली.

त्या वर्षी काकांना पेटी उचलवेना, म्हणून सुमनबाईंकडे त्यांच्याबरोबर मी पेटी घेऊन गेलो, आईही आली. सुमनबाई आता वाकल्या आहेत, जीभ मात्र सरळ. काका मशीनपाशी बसले आणि त्या आईशी बोलू लागल्या.

"ह्यांचा आवाज ऐकायला मी तरसले होते बाई. माशी हाकलतील तर तीसुद्धा विचारून. मला वाटायचं, एकदा तरी ओरडा, घरात माणूस आहे ते तरी कळू दे."

आई हसली. "माणूस बदलतो हो. माझ्या नंदूवर हात टाकला होता ह्यांनी. झालं गेलं आता." तिच्या आवाजात तीच माफी होती, जपलेली, घडी न मोडलेली.

सुमनबाईंचं हसू गेलं. "खोटं."

"अहो, स्वतः कबूल केलं ह्यांनी."

"करू दे. मी नऊ वर्षं संसार केलाय ह्या माणसाशी. खोटं आहे."

ज्या बाईला सोडून पंचेचाळीस वर्षं झाली, ती काकांची बाजू घेत होती, आणि मी पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. माझं वय त्या क्षणी पुन्हा चौदाच होतं.

"सुमनबाई बरोबर सांगतात," मी म्हणालो. "आई, काकांनी मला कधीच मारलं नाही. मी पत्रात खोटं लिहिलं होतं. आणि दुकानात गप्प बसलो."

मशीनचं चाक थांबलं.  आईनं काकांकडे मान वळवली.

"तुम्ही हौ का म्हणालात हो?"

"परवाची गोष्ट बाई," काका सुईशी चाळा करत म्हणाले. "आता काय तिचं."

"परवाची!" आईचा आवाज चिरकला. "पस्तीस वर्षं मी तुम्हाला मोठ्या मनानं वागवतेय, आणि तुम्ही मला वागवू दिलंत! सांगता आलं नाही? मी काय छडी मारली असती?"

"तेच की. तुम्ही शाळेच्या."

सुमनबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आई हसली नाही. मला ती एक शब्दही बोलली नाही. तो हिशेब आमचा अजून चालू आहे, आणि तो माझा आहे. काकांनी कागद सुईखाली घातला, भोकांची रांग पाडली, उजेडाकडे धरली. हात थरथरल्यानं रांग वाकडी आली होती. त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

खाली रस्त्यावर काकांनी ऑटो थांबवला. "काचीगुडा. कित्ता लेते मियाँ?" भाव झाला. मी सवयीनं आधी चढायला पुढे झालो, आईसाठी मधली जागा सोडायची म्हणून. आईनं मला हातानं बाजूला केलं, स्वतः आधी चढली आणि सरकत सरकत पार पलीकडच्या कडेला जाऊन बसली.

काका पेटीकडे बघत बाहेरच उभे. "बाई, तुमची जागा..."

"बसा हो," आई बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाली. "मधे बसा."

ते बसले. पाय जवळ घेऊन, अंग चोरून, परक्याच्या घरात बसल्यासारखे. मी या बाजूनं चढलो. ऑटो निघाला. चौकाच्या आधी ऑटोवाल्यानं कचकन ब्रेक दाबला आणि काकांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. हलका झाला होता तो, वास मात्र तेलाचाच. सिग्नल सुटला तरी त्यांनी तो काढला नाही.

त्यानंतरही दोन-तीनदा भेट झाली, दवाखान्यातही. पण मला काका दिसतात ते तिथं, त्या मधल्या जागेवर. मी त्यांना विचारलं होतं,

"काका, आपण असे शेवटचं कधी बसलो होतो?"



"परवाच की."